घरात ऐकलेले चौकात सांगताना

एका तरुण संशोधकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वस्तीत दोन वर्षे राहून केलेल्या एथ्नोग्राफिक, म्हणजे लोकांमध्ये राहून त्यांचे जगणे नोंदवणाऱ्या अभ्यासावरचा प्रबंध पूर्ण झाला आहे. आता त्यातला काही भाग लेखमालेच्या रूपाने सर्वसामान्य वाचकांसाठी लिहावा, काही मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणांतून पॉडकास्ट करावे आणि क्षेत्रनोंदींसह (वस्तीत राहताना केलेल्या टिपणांसह) उरलेले साहित्य खुल्या संग्रहात ठेवावे, असा विचार आहे. सर्वांची नावे बदललेली आहेत, संमतिपत्रांवर सह्या आहेत आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यताही आहे. एवढे पुरेसे आहे का?

पुरेसे नाही, असे मला इतक्या वर्षांच्या क्षेत्रकार्यानंतर वाटते. तुमच्याकडे असलेली संमती प्रबंधासाठीची आहे. सही करताना लोकांच्या डोळ्यांसमोर जो वाचक होता तो म्हणजे तुम्ही, तुमचे मार्गदर्शक आणि फार तर दोन-तीन परीक्षक. लेखमालेचा वाचक निराळा आहे. तो त्यांच्या शेजारी राहतो, त्यांच्या घरमालकाच्या उठण्याबसण्यातला आहे, त्यांच्या मुलाला कामावर ठेवणारा आहे. वाचक बदलला की संमतीचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून उभा राहतो, आणि मला जे काही सांगायचे आहे ते सगळे याच एका मुद्द्यातून निघते.

याचा अर्थ प्रबंध कपाटात ठेवून द्यावा असा मात्र नाही. ज्यांनी आपला वेळ दिला, उंबऱ्याच्या आत घेतले, घरातल्या आजारपणात आणि भांडणातही आपल्याला बाजूला बसू दिले, त्यांच्या जगण्याविषयीचे निष्कर्ष महागड्या नियतकालिकांत, त्यांना न कळणाऱ्या परिभाषेत पडून राहणे हाही अन्यायच आहे. अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशन या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या २०१२ च्या तत्त्वांमध्ये ‘अपाय करू नका’ हे पहिले तत्त्व आहे, आणि ‘निष्कर्ष लोकांना उपलब्ध करून द्या’ हेही त्याच यादीत आहे. दोन्ही एकाच वेळी पाळायची आहेत आणि अडचण तिथेच आहे. प्रबंधाची अवघड भाषा आणि तो सहजी हाती न लागणे, हेच आजवर त्या लोकांचे मोठे संरक्षण होते, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. सोप्या भाषेत लिहायला बसलात की ते कवच तुम्ही काढून घेत असता. काढावे, पण त्याच्या जागी काय देणार आहोत हे आधी ठरवून काढावे.

नावे बदलण्यावर आपली भिस्त फार असते. १९५८ मध्ये आर्थर विडिच आणि जोसेफ बेन्समन या समाजशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्क राज्यातील एका लहान गावाचा अभ्यास पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. गावाला त्यांनी ‘स्प्रिंगडेल’ म्हटले आणि माणसांनाही टोपणनावे दिली. ज्या मोठ्या प्रकल्पातून हे काम निघाले त्याने गावकऱ्यांना त्यांची ओळख उघड होणार नाही, असे आश्वासन दिलेले होते. पण एवढ्याशा गावात विशिष्ट पद सांभाळणारा माणूस एकच असतो, आणि कोणते टोपणनाव कोणाचे हे ओळखायला गावकऱ्यांना जराही वेळ लागला नाही. त्यानंतर ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत त्यांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठाची मोठी प्रतिकृती मिरवली. तिच्यामागून मुखवटे घातलेली माणसे गाड्यांतून गेली आणि त्या गाड्यांवर पुस्तकातल्या टोपणनावांच्या पाट्या होत्या. अखेरीस शेणखताने भरलेली गाडी आली आणि तिच्यावर लेखकाचा पुतळा ओणवा केलेला होता. वर्गात हा प्रसंग गमतीचा म्हणून सांगितला जातो, पण मला तो कधीच गमतीचा वाटला नाही. संशोधकांनी चढवलेला मुखवटा त्या लोकांनी सगळ्यांसमोर स्वतः घालून दाखवला आणि त्याखाली काहीच लपत नाही हे सिद्ध केले.

आयर्लंडमधली घटना याहून वेदनादायक आहे. नॅन्सी शेपर-ह्यूज या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात तिथल्या एका ग्रामीण भागात राहून मानसिक आजार, अविवाहित राहिलेले पुरुष आणि कुटुंबातील ताण यांवर काम केले. पुस्तक १९७९ मध्ये आले आणि त्याला विद्याक्षेत्रात सन्मानही मिळाला. गावाला दिलेले खोटे नाव मात्र टिकले नाही. त्या १९९९ मध्ये परत गेल्या, तेव्हा त्यांना गावातून निघून जायला सांगण्यात आले. त्यांनी पुढे जे लिहिले त्यातला एक विचार प्रत्येक नव्या संशोधकाने मनात ठेवावा असा आहे. टोपणनावांनी लोकांचे रक्षण फारसे होत नाही, उलट लिहिणारा मात्र सैल सुटतो. समोरच्या माणसाचे खरे नाव लिहायचे असते तर ज्या ओळीवर आपला हात अडखळला असता, ती ओळ टोपणनावाच्या आडून बिनदिक्कत लिहिली जाते.

२००४ मध्ये मार्टिन टॉलिच या समाजशास्त्रज्ञांनी यासंबंधी एक उपयुक्त भेद मांडला. बाहेरच्या वाचकापासून ओळख लपवणे ही एक गोपनीयता झाली. आणि ज्यांच्याविषयी लिहिले त्यांनी एकमेकांना ओळखू नये, ही दुसरी, आतली गोपनीयता. नैतिकता समित्या पहिलीची काळजी घेतात. एथ्नोग्राफीत खरी इजा होते ती दुसरी तुटल्यामुळे. दूरच्या शहरातल्या वाचकाला ती बाई कोण हे कळले तरी तिचे सहसा काही बिघडत नाही. तिने जावेविषयी काय सांगितले ते जावेला कळले, तर त्या घरात पुढची वीस वर्षे त्याचे सावट राहते.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. काही वर्षांपूर्वी एका वस्तीत घरगुती बचतीवर काम करताना एका बाईंनी मला सांगितले की घरात कोणालाही न कळता त्या थोडे पैसे बाजूला टाकतात. वही का ठेवत नाही, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “मी हिशेब तोंडीच ठेवते. कागदाला तोंड फुटतं.” पुढे सर्वसामान्य वाचकांसाठी लेख लिहिला तेव्हा मी त्यांचे नाव बदलले, वय बदलले, मुलांची संख्या बदलली, कामही बदलले. ते वाक्य मात्र जसेच्या तसे ठेवले, कारण ते सुंदर होते आणि माझा सगळा मुद्दा त्यात आलेला होता. संपादकांनी त्याचाच मथळा केला. त्या वस्तीतल्या कोणीतरी तो लेख एका घरात मोठ्याने वाचून दाखवला. ‘कागदाला तोंड फुटतं’ हे त्या बाईंचे नेहमीचे बोलणे होते, आणि ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी ते त्यांच्या तोंडून ऐकलेले होते. भांडण झाले नाही, कोणी आवाजही चढवला नाही. घरातल्या एका अडचणीसाठी त्यांच्याकडे पैसे मागितले गेले आणि त्यांनी ते सगळे दिले. तीन महिन्यांनी मी गेले, तेव्हा त्यांनी नेहमीसारखे बसायला दिले, पाणी दिले, आणि “तुम्ही खोटं काही लिहिलं नाहीत,” एवढेच म्हणाल्या. त्यांची सही असलेले संमतिपत्र आजही माझ्या फाइलमध्ये आहे. मथळ्याची आठवण झाली की मी ते काढून पाहते. त्यात कुठेही ‘तुमचे बोलणे तुमच्याच शब्दांत तुमच्या शेजाऱ्यांपर्यंत जाईल’ असे लिहिलेले नाही.

तेव्हापासून मी लिहिताना एकच कसोटी लावते. अनोळखी वाचकाला हा माणूस ओळखता येईल का, हा प्रश्न मी विचारत नाही. त्याच्या सर्वांत जवळच्या आणि त्याच्याशी सर्वांत वाकडे असलेल्या माणसाने हे वाचले तर काय होईल, हा प्रश्न विचारते. या कसोटीवर नाव आणि वय फार कमी महत्त्वाचे ठरतात. बोलण्याची लकब, एखादा अपघात, घरातल्या मृत्यूंचा क्रम, एखाद्या वस्तूची मोडलेली कड यांवरूनच माणूस ओळखला जातो. आणि नेमके हेच तपशील चांगल्या लेखनाला हवे असतात. म्हणून कधी दोन-तीन व्यक्तींचे अनुभव एकत्र करून एक पात्र उभे करावे लागते, आणि तसे केले असल्यास वाचकाला ते स्पष्ट सांगावे लागते. कधी प्रसंग दुसऱ्या व्यक्तीच्या तोंडी घालावा लागतो. काही वेळा तो प्रसंग सोडूनच द्यावा लागतो. माझ्या वह्यांतल्या सर्वांत बोलक्या नोंदींपैकी पुष्कळशा कधीच छापल्या गेल्या नाहीत, आणि त्याची मला खंत नाही.

संमती घ्यायची ती माध्यमागणिक आणि पुन्हा पुन्हा. लेखासाठी दिलेला होकार आवाजासाठीचा नसतो, आणि आवाजासाठीचा होकार छायाचित्राला लागू होत नाही. दोन वर्षे एकत्र राहिल्यावर लोक आपण संशोधक आहोत हे विसरतात. विसरावे अशी आपलीही इच्छा असते, कारण तेव्हाच ते मोकळेपणाने बोलतात. त्या विसरण्याच्या काळात जे ऐकले ते मैत्रीच्या नात्याने ऐकलेले असते. तुमच्या नोंदींतली अशी पाने वेगळी काढा आणि त्यांच्यासाठी नव्याने विचारा. विचारायला संकोच वाटत असेल, तर तो संकोचच उत्तर देतो आहे, असे समजा. नाही म्हणणे सोपे जाईल अशा रीतीनेही विचारायला हवे. चारचौघांत विचारले, किंवा मदत मागावी तसे विचारले, की लोक भिडेखातर हो म्हणतात.

आणखी एक गुंता असा की काही ज्ञान एका माणसाने दिले तरी ते त्या एकट्याचे नसते. चार्ल्स माउंटफर्ड या अभ्यासकांना १९४० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मध्य भागातील पिट्जंट्जट्जरा या आदिवासी लोकांनी विश्वासाने काही गुप्त धार्मिक माहिती सांगितली होती. १९७६ मध्ये त्यांचे पुस्तक आले आणि त्यात ती माहिती व छायाचित्रे होती. ते ज्ञान त्या समाजातल्या स्त्रिया, मुले आणि दीक्षा न झालेले पुरुष यांच्यापुढे येणे निषिद्ध होते आणि पुस्तक तर दुकानात विकायला होते. समाजाचे प्रतिनिधी नॉर्दर्न टेरिटरीच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. विश्वासाने दिलेली माहिती उघड करून विश्वासभंग होतो, हा मुद्दा मान्य करून न्यायालयाने त्या प्रदेशातील विक्रीला मनाई केली. छत्तीस वर्षांपूर्वी ज्यांनी सांगितले होते त्यांनी स्वखुशीने सांगितले असेल, पण दुकानातून कोणीही विकत घ्यावे असे त्यांनी म्हटलेले नव्हते. अशा ज्ञानासाठी पुढे ज्या व्यवस्था निघाल्या त्यांतली एक मला विशेष आवडते. ऑस्ट्रेलियातल्याच वारुमुंगू या आदिवासी समाजाबरोबर काम करून उभारलेल्या ‘मुकुर्तु’ या डिजिटल संग्रहप्रणालीत कोणते साहित्य कोणाला दिसावे हे त्या समाजाच्या स्वतःच्या नियमांनुसार ठरवता येते. सगळे खुले किंवा सगळे बंद, एवढेच दोन पर्याय असतात, हा आपला समज त्यामुळे मोडतो.

आता बलवान वाचकाविषयी लिहिते, त्या वाचकाविषयी ज्याचा विचार लेख लिहिताना कोणीच करत नाही. जॉर्ज कोंदोमिनास हे फ्रेंच अभ्यासक १९४८-४९ मध्ये व्हिएतनामच्या मध्य डोंगराळ भागात, म्नोंग गार लोकांच्या सार लुक या गावात राहिले. १९५७ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात गावातल्या माणसांचे एका वर्षाचे जीवन खऱ्या नावांनिशी, अत्यंत प्रेमाने वर्णिलेले आहे. पुढे युद्ध आले. अमेरिकी सरकारी यंत्रणेने त्यांना न विचारता त्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर करवून घेतले आणि ते सैन्याच्या हाती गेले. ज्याच्या लग्नाचे वर्णन त्या पुस्तकात होते, त्याच गावकऱ्याचा एका लष्करी छावणीत छळ झाला, हे कोंदोमिनास यांनी १९७२ च्या आपल्या व्याख्यानात सांगितले. पुस्तकामुळेच छळ झाला असे मी म्हणत नाही. पण ज्या गावाचे घरन्‌घर आपण लिहून ठेवले त्या गावात सैन्य शिरले आहे आणि आपले पुस्तक त्याच सैन्याच्या हातात आहे, हे कळल्यावर त्या लेखकाला काय वाटले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर असा वाचक असणे शक्यच नव्हते. तुमच्या वस्तीच्या बाबतीत मात्र आजच विचार करता येईल: ती जागा कोणाला रिकामी करून हवी आहे, तिथल्या कोणाकडे कागदपत्रे नाहीत, कोणाचे काम कायद्याच्या कडेवरचे आहे.

कायद्यापुढे आपली वचने किती टिकतात, याविषयीही भ्रम नको. अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजच्या मौखिक इतिहास प्रकल्पात २००१ ते २००६ या काळात उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघटनांच्या माजी सदस्यांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सांगणारा जिवंत असेपर्यंत त्या उघड होणार नाहीत असे त्यांना सांगितले होते. दोन दिवंगतांच्या मुलाखतींवर आधारलेले पुस्तक २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि अशा मुलाखती अस्तित्वात आहेत हे जगाला कळले. २०११ मध्ये ब्रिटिश यंत्रणांच्या विनंतीवरून समन्स निघाले आणि काही ध्वनिफिती अखेर पोलिसांकडे गेल्या. मेलेल्यांचे शब्द छापल्याने जिवंतांचे शब्द धोक्यात आले. याउलट, रिक स्कार्स यांनी १९९३ मध्ये आपल्या संशोधनातील माहितीदारांविषयी न्यायालयात साक्ष द्यायला नकार दिला आणि १५९ दिवस तुरुंगात काढले. तेवढी तयारी प्रत्येकाची असेल असे नाही, आणि ती असावी अशी अटही मी घालणार नाही. म्हणून जे वचन स्वतः तुरुंगात जाऊन पाळण्याची आपली तयारी नाही, ते देऊ नये. आणि ज्या माहितीचे रक्षण करता येणार नाही, ती मुळात लिहूनच ठेवू नये.

एवढे वाचून तुम्ही सगळेच लपवायला निघाल, तर तेही बरोबर होणार नाही. काही लोकांना आपले नाव हवे असते. आयुष्यभर ज्यांना कोणी विचारले नाही त्यांच्या अनुभवाखाली खोटे नाव घालणे त्यांना अपमानास्पद वाटू शकते, आणि तो अपमान खरा असतो. मिचेल ड्यूनायर यांनी न्यूयॉर्कच्या पदपथांवर पुस्तके विकणाऱ्यांवर काम केले. त्यांनी खरी नावे वापरली, पण त्याआधी हस्तलिखित घेऊन ज्यांच्याविषयी लिहिले होते त्यांच्यासमोर बसून त्यांना तो मजकूर वाचून दाखवला. नाव देण्याचा निर्णय माणसाने स्वतःविषयी लिहिलेले ऐकल्यानंतर घ्यावा, आधी नव्हे, हा त्यातला धडा मी घेतला आहे. त्याच्या नावाबरोबर घरातल्या इतरांचीही ओळख उघड होते, हे त्याच्याशी वेगळे बोलावे लागते.

वाचून दाखवायचे म्हणजे प्रत्येकाला नकाराधिकार द्यायचा का? नाही. तथ्याच्या चुका आणि स्वतःच्या खासगी गोष्टी यांबाबत सांगणाऱ्याचा शब्द अंतिम मानावा. अर्थ लावण्याबाबत मतभेद झाला तर त्यांचे म्हणणेही लेखात नोंदवावे आणि आपलेही ठेवावे. पण ज्याच्या हातात इतरांच्या मजुरीची, निवाऱ्याची किंवा सुरक्षिततेची सत्ता आहे, त्याने त्या सत्तेच्या वापराविषयीचा मजकूर काढून टाका म्हटले, तर तो काढू नये. अपाय टाळण्याचे तत्त्व दुबळ्यांसाठी आहे. त्याचा आडोसा बलवानांना देणे हा अप्रामाणिकपणा होईल.

तुमच्या तीन बेतांविषयी आता नेमके सांगते. खुल्या संग्रहात क्षेत्रनोंदी ठेवू नका. त्यांतल्या प्रत्येक पानावर अशी माणसे आहेत ज्यांनी कुठेच सही केलेली नाही: दारातून डोकावून गेलेला शेजारी, मध्येच बोललेले मूल, भांडणातली दुसरी बाजू. अनुदान देणारी संस्था साहित्य खुले करा असे म्हणत असेल, तर ते कसे गोळा केले त्याचे सविस्तर वर्णन, प्रश्नांचे आराखडे आणि संमती पुन्हा तपासलेले निवडक उतारे द्या. बाकीचे का देत नाही ते लेखी कळवा.

पॉडकास्टबाबत मी सध्या थांबायला सांगेन. आवाजाला टोपणनाव देता येत नाही. तो बदलून घेता येतो, पण खोकला, थांबण्याची पद्धत, मागे वाजणारे दार यांवरून घरचे माणूस तो क्षणात ओळखते, आणि एकदा बाहेर गेलेले मुद्रण परत घेता येत नाही. ज्यांना खरोखर आपल्या आवाजात बोलायचे आहे त्यांचे नव्याने ध्वनिमुद्रण करा. ऐकणारे कोण आहेत हे माहीत असताना माणूस काय सांगायचे आणि काय नाही ते स्वतः निवडतो. जुनी मुद्रणे दुसऱ्या विश्वासावर झालेली आहेत.

लेखमाला मात्र अवश्य लिहा. संपादकांशी मथळा, चौकटीतली वाक्ये आणि छायाचित्रे यांवर आपली संमती लागेल असे आधीच लेखी ठरवून घ्या. माझ्या लेखाचे नुकसान मथळ्याने झाले, पण तो मथळा होऊ शकेल असे वाक्य मीच दिले होते. छापण्याच्या आधी वस्तीत जा आणि ज्यांच्याविषयी जो भाग आहे तो त्यांना, शक्यतो एकेकट्याला, मोठ्याने वाचून दाखवा. जाताना टंकलिखित, नीटनेटकी प्रत नेऊ नका. हाताने लिहिलेला, खाडाखोड असलेला मसुदा न्या आणि एक पेन्सिल त्यांच्या हातात द्या. छापल्यासारखा दिसणारा कागद समोर आला की माणसे त्यात काही बदलता येते असे मानतच नाहीत.